कोल्हापूरला बदली झाली? कपाट जुलैच्या हिशेबानं लावा

मे अखेरीस बदल्यांच्या ऑर्डरी निघतात, जून-जुलैत कॉलेजांचे प्रवेश होतात आणि विदर्भ-मराठवाड्यातली माणसं कोल्हापुरात उतरतात ती नेमकी पावसाच्या तोंडावर. बॅगेत चार जीन्स, जाडजूड टर्किश टॉवेल, कडक इस्त्रीचे सुती शर्ट आणि नागपूरच्या थंडीतलं गुबगुबीत जर्किन. पंधरा दिवसांत खोलीत आडव्यातिडव्या दोऱ्या बांधल्या जातात, सगळ्या कपड्यांना एकच कुबट वास येऊ लागतो आणि मग कुणीतरी विचारतं, "तुमच्याकडं कपडे वाळतात तरी कधी?"

प्रश्न बरोबर आहे. कोल्हापूरची थंडी सोसवते, ऊन तर विदर्भातल्या माणसाला थट्टाच वाटेल. इथं अडचण एकच, ती वाळवणाची. त्यामुळं कपडा निवडताना तो गरम होतो की गार राहतो, हे दुसऱ्या नंबरला. पहिला सवाल हा की जुलैच्या संततधारेत, घरातल्या घरात तो किती वेळात वाळतो? बाकी सगळं या सवालाच्या मागून येतं.

आधी तुमचं कोल्हापूर कुठलं ते बघा

ऑर्डरवर 'जिल्हा कोल्हापूर' एवढंच असतं. तेवढ्यावर खरेदीला निघू नका. शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला घाटमाथ्यावर गगनबावड्याला त्याच्या पाचपटीहून जास्त आणि पूर्वेला शिरोळकडं त्याच्या जवळपास निम्मा. सह्याद्री ओलांडून पाऊस पूर्वेला येईपर्यंत रिता होत जातो, म्हणून एकाच जिल्ह्यात एवढा फरक.

म्हणजे शिरोळ, जयसिंगपूर, इचलकरंजी या बाजूला पोस्टिंग असेल तर खाली सांगितलेलं निम्मं केलं तरी भागेल. कोल्हापूर शहर, कागल, कसबा बावडा, उचगाव अशा ठिकाणी राहणार असाल तर हा लेख जसाच्या तसा तुमच्यासाठी. आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड, आजऱ्याचा पश्चिम भाग इथं नेमणूक असेल तर पावसाळी कपड्यांचं खातं वेगळंच काढा, कारण तिथं जून ते सप्टेंबर कपडे उन्हात वाळवायचे हा विचारच सोडून द्यावा लागतो.

मातीही बघा. पश्चिमेकडं जांभ्याची तांबडी माती, तिच्यातल्या लोहामुळं पडलेले डाग ब्लीचनं जात नाहीत, उलट पक्के होतात. पांढरी सलवार, फिकट पँट तिकडं नेऊच नका. पूर्वेला काळी माती. ती चिकटते खूप, पण वाळल्यावर झाडून, मग धुऊन निघते.

वर्षाचा अंदाज

थोडक्यात सांगायचं तर उन्हाळ्याचा कडाका मार्च-एप्रिलमध्ये, पारा ३७-३८ पर्यंत. नागपूरला मे महिन्यात सरासरीच ४२-४३ असतो, तेव्हा तिकडून येणाऱ्यानं उन्हाळ्याची चिंता करायची नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत तापलं की संध्याकाळी वळीव येतो, विजा-वाऱ्यासकट, आणि हवा उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचं तापमान २६-२७ च्या आसपास आणि रात्रीचं २१. दमटपणा मात्र ८५-९० टक्के. ऑक्टोबरमध्ये पुन्हा ऊन चटकतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १४-१५ अंश, कधी त्याच्याही खाली, आणि दहा वाजले की स्वेटर काढून हातात.

मुंबई-कोकणातून येणाऱ्याला पाऊस नवा नाही, पण त्याला इथली गार हवा जाणवते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा वर आहोत आपण. पावसात भिजून दुचाकीवर रंकाळा तलावाच्या वाऱ्यात सापडलात की ओली थंडी म्हणजे काय ते कळतं. त्यासाठी स्वेटर नको, पातळ पूर्ण बाह्यांचा कपडा पुरतो.

वजनकाट्याची परीक्षा

अकोल्यात किंवा नांदेडला बसून, मे महिन्याच्या उन्हात, कुठला कपडा कोल्हापुरात वाळेल हे कसं ओळखायचं? तिथं तर गोधडीसुद्धा दोन तासांत खडखडीत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कपडा कोरडा असताना वजन करा. मग भिजवून, नेहमीसारखा पिळून किंवा मशीनमध्ये फिरवून पुन्हा वजन करा. दोन्हीतला फरक म्हणजे त्या कपड्यात उरलेलं पाणी. हे पाणी जुलैत तुमच्या खोलीतल्या हवेला प्यायचं आहे.

आणि ती हवा फार पीत नाही. २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. दमटपणा ९० टक्के असेल तर २१ ग्रॅमच्या आसपास आधीच भरलेली, जागा उरली जेमतेम सव्वादोन ग्रॅमची. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. खिडक्या लावून घेतल्या तर त्या अख्ख्या खोलीत मावतं ७५-८० ग्रॅम पाणी. एका पिळलेल्या जीन्समध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. याउलट नागपूरची मेमधली दुपार, ४२ अंश आणि दमटपणा समजा २० टक्के धरला, तर तिथल्या हवेत घनमीटरमागं ४५ ग्रॅम जागा रिकामी. म्हणजे वीसपट!

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पिळल्यावर ज्याचं वजन कमी वाढतं तो कपडा कोल्हापूरचा. दोन, घरात कपडे वाळत घालून खिडकी बंद करणं म्हणजे वेळ फुकट. पंख्यानं हवा फिरते, पण ती बाहेर जायला वाट पाहिजे. एक खिडकी बोटभर तरी उघडी ठेवायची, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवायचा.

काटा नसेल तर हातानं ओळखा. कंबरपट्टा, खिशाचा कोपरा, काखेची शिवण, कॉलर हे सगळ्यात शेवटी वाळतात. जिथं कापडाचे तीन-चार पदर एकावर एक आलेत तिथं बुरशी आधी धरते. सहा खिशांची कार्गो पँट दुकानात कितीही आवडली तरी या कारणासाठी खाली ठेवा.

कुठलं कापड आणायचं

"सुती तेच चांगलं" हे विदर्भात शंभर टक्के खरं. कोल्हापुरात अर्धं खरं, कारण सुती कापडाच्या जाडीवर सगळं अवलंबून आहे. मलमल, व्हॉईल, केंब्रिक, हलकं पॉपलीन हे पातळ सूत पावसाळ्यातही चालतं. जाड खादी, कॅनव्हास, दुहेरी विणीचं जाड सूत ऑक्टोबरपर्यंत ट्रंकेत राहू दे.

जीन्सबद्दल स्पष्टच बोलतो. कॉलेजच्या पोरांना पटणार नाही, पण जून ते सप्टेंबर जीन्स म्हणजे पायात ओझं. खालची कड रस्त्यावरचं पाणी शोषते, ते वर चढत गुडघ्यापर्यंत येतं, दिवसभर वर्गात तसंच बसायचं आणि संध्याकाळी धुतलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेला ओलसर. एखादी ठेवा, उघडीप असेल त्या दिवसासाठी. बाकी घोट्याच्या वर राहणारी हलकी ट्राउझर किंवा ट्रॅक पँट.

ऑफिससाठी टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सूत मिसळलेलं कापड. जुन्या पिढीतले मास्तर आणि बँकेतले साहेब वर्षानुवर्षं टेरिकॉटवर निभावले ते काय उगाच नाही. पॉलिस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओल हवेतून धरत नाही, सूत आठ-साडेआठ टक्के धरतं. दोन्ही मिसळलं की कपडा वाळतोही लवकर आणि अंगाला बोचतही नाही. निव्वळ पॉलिस्टरचे टी-शर्ट रात्रीत वाळतात, पण घामाचा वास पकडून ठेवतात, ते एकदा घातले की धुवायलाच टाका.

फसवा कपडा कुठला सांगू? रेयॉन. कुर्त्या, गाऊन, पलाझो, सगळीकडं हल्ली रेयॉन. हाताला मऊ, पातळ आणि झुळझुळीत, म्हणून बाई हौसेनं सहा कुर्त्या घेऊन येते. पण रेयॉन सुतापेक्षाही जास्त ओल पितं, ओलं झालं की जड होऊन ओघळतं आणि ओल्या अवस्थेत त्याचा धागा कमजोर पडतो. जोरात पिळलं की शिवणीजवळ विरतं. रेयॉनचे कपडे हिवाळ्या-उन्हाळ्यासाठी झकास. पावसाळ्यात कुर्ती केंब्रिकची किंवा जॉर्जेटची घ्या.

साडी नेसणाऱ्यांना जॉर्जेट, शिफॉन, क्रेप सोयीचं. साडी वाळते, परकर वाळत नाही, हे मात्र लक्षात राहत नाही. जाड सुती परकराच्या नेफ्यात नाडीसकट पाणी अडून बसतं. पॉपलीनचे पातळ परकर चार तरी करून घ्या.

आता टॉवेल. टर्किश टॉवेल पावसाळ्यात बाद. चार माणसांच्या घरात चार टर्किश टॉवेल दररोज ओले होतात आणि एकही वाळत नाही. पंचे आणा, माणशी तीन. पातळ, स्वस्त, पंख्याखाली रात्रीत कोरडे. पाहुण्यांपुढं पंचा ठेवायला लाज वाटत असेल तर कोल्हापूरकर पाहुण्याला वाटणार नाही एवढं खात्रीनं सांगतो.

किती जोड लागतील

इथं साधा हिशेब आहे. किती दिवसांनी धुता, त्यात वाळायला लागणारे दिवस मिळवा आणि वर एक. नागपुरात एक दिवसाआड धुणं आणि वाळायला दोन तास, म्हणजे तीन जोडांत काम भागतं. कोल्हापुरात जुलैमध्ये एक दिवसाआड धुणं आणि वाळायला दोन दिवस, म्हणजे पाच. वरचा एक कशासाठी, तर सकाळी घालून निघालात आणि व्हीनस कॉर्नरला पोहोचेपर्यंत चिंब झालात त्यासाठी.

अंतर्वस्त्रांना हा हिशेब पुरत नाही, ती दुप्पट घ्या. ओलसर बनियन-चड्डी घालून दिवस काढला की जांघेत, काखेत नायटा ठरलेला, आणि तो घरभर पसरतो. मुलांचे गणवेश दोन मिळतात, तिसरा शिवून घ्याच. मोजे तर डझनभर असू द्यात.

तान्हं मूल घरात असेल तर लंगोट-दुपट्यांचा ढीग निम्म्या खोलीची दोरी अडवतो. पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवायचे. आता शेगडी नाही, तेव्हा जास्त वेगानं फिरणारं मशीन उपयोगी पडतं. मशीन घेणारच असाल तर स्पिनचा वेग बघा. हजार-बाराशे फेऱ्यांचं मशीन कपड्यातलं पाणी जेवढं काढतं तेवढं हाताच्या पिळण्यानं निघत नाही.

रेनकोट आणि पायातलं

रेनकोट गावाकडून आणू नका. मे संपत आला की इथं रस्त्याकडेला आणि महाद्वार रोडवर रेनकोट टांगलेले दिसतात, तेव्हा घ्या. घेताना उलटा करून शिवणी बघा. आतून शिवणीवर टेप चिकटवलेली असली पाहिजे. टेप नसली की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येतं आणि पहिला पाऊस मांडीवरच्या शिवणीतून कळतो. दुचाकीसाठी जाकीट आणि पँट असा दोन तुकड्यांचा, एक माप मोठा, गळ्याशी घट्ट बसणारा, पाठीवर चमकणारी पट्टी असलेला. अंगावरून टाकायचा घोळदार रेनकोट पायी चालणाऱ्याला ठीक, गाडीवर तो फडफडतो आणि चाकात जायची भीती.

छत्री शहरात दुमडीची चालते. गगनबावडा, राधानगरीकडं तिचा उपयोग फक्त उलटी झाल्यावर हसण्यापुरता. तिकडं लांब दांड्याची मोठी छत्री आणि गमबूट. भाताच्या रोपलावणीला वाकून काम करणाऱ्या बायका पूर्वी बांबू-पानांचं इरलं पाठीवर घ्यायच्या, दोन्ही हात मोकळे आणि पाठ कोरडी. आता त्याची जागा प्लास्टिकच्या खोळीनं घेतली, पण सोय तीच. शेती खात्यात, पाटबंधारे किंवा वन विभागात, महावितरणात फिरतीची नोकरी असेल तर हात मोकळे ठेवणारा पोशाखच घ्यायचा.

पायात रबराची किंवा प्लास्टिकची, मागं पट्टा असलेली सँडल. साधी स्लीपर चिखल पाठीपर्यंत उडवते. बूट घालावेच लागत असतील तर दोन जोड, आलटून पालटून, आणि ओल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ते दोन-तीन तासांनी बदलायचे. हीटरपुढं किंवा गॅसजवळ कातडं ठेवू नका, तडकतं.

आणि कोल्हापुरी चप्पल. आल्या आल्या घ्यायची हौस सगळ्यांना असते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. पण जूनमध्ये घेऊ नका. झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं हे कातडं, ते पाणी पितं, फुगतं, तळाचे थर सुटू लागतात आणि कपाटात ठेवलं की पांढरी बुरशी येते. दसऱ्यानंतर चप्पल लाइनला जा, पायाला किंचित घट्ट बसेल अशी घ्या, वापरून ती सैल होते. पहिले काही दिवस अंगठ्यापाशी लागते, तिथं तेलाचं बोट फिरवायचं. पावसाळा आला की पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर न ठेवता हवा लागेल अशा जागी ठेवायची.

फौंड्रीत काम असेल तर वरचं उलटं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत नोकरीला येणारे बरेच जण असतात. भट्टीजवळ, वेल्डिंगला, ओतकामाला उभं राहायचं असेल तर वाळायला सोपं म्हणून पॉलिस्टर किंवा टेरिकॉट घालू नका. ठिणगी पडली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. तिथं सुतीच, जाड आणि पूर्ण बाह्यांचं, पँट बुटाच्या वरून खाली आलेली, बुटात न खोचलेली. वाळत नाही म्हणून जोड वाढवा, कापड बदलू नका. कारखान्यातून मिळणारा पोशाख दोन जोड असेल तर तिसरा मागून घ्या किंवा स्वतः शिवा.

खोली घेतानाच दोरी बघा

भाड्याची खोली बघताना पाणी किती वेळ येतं हे सगळे विचारतात, दोरी कुठं बांधायची हे कुणी विचारत नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेची उघडी गॅलरी जून ते सप्टेंबर निकामी, सगळा झोत आत. पूर्वेची किंवा उत्तरेची, वर छत असलेली गॅलरी मिळाली तर शंभर-दोनशे रुपये भाडं जास्त गेलं तरी चालेल. पंचगंगेच्या काठच्या सखल भागात तळमजला घेत असाल तर कपाटातले खालचे दोन खण पावसाळ्यात मोकळे ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आठवडाभरातच तुमच्याही तोंडी बसतील.

साखर कारखान्याजवळ राहणार असाल तर आणखी एक. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन पुढं तीन-चार महिने, ऊन छान असतं पण चिमणीतून काजळी उडते आणि दोरीवरच्या पांढऱ्या शर्टांवर काळे ठिपके बसतात. ओल्या कपड्यावर हात फिरवला की ठिपक्याची रेघ होते. वाळू द्या, मग झटका.

कपाटाची निगा

कपाट बाहेरच्या भिंतीला, त्यातून पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागं चार बोटं जागा राहू द्या. आत कपडे दाटीवाटीनं कोंबू नका. पूर्ण वाळलेलेच आत जातील, शंका असेल तर इस्त्री फिरवा आणि गार झाल्यावरच घडी ठेवा, गरम घडीत वाफ अडकते.

खळ घातलेले कपडे पावसाळ्यापूर्वी साध्या पाण्यातून काढून खळ उतरवून ठेवा. खळ म्हणजे पीठच, बुरशीला आयतं जेवण. जरीच्या साड्या, पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते आणि जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या, कडुलिंबाचा पाला यांनी कसर लागत नाही, पण बुरशी थांबत नाही, दोन्ही वेगळी दुखणी आहेत. बुरशीसाठी ओल शोषणाऱ्या पुड्या किंवा डब्या मिळतात, ज्यांत खाली पाणी जमतं. त्या प्रत्येक खणात एक ठेवा आणि पाणी भरलं की लगेच बदला, सांडलं तर कपड्याला चिकट डाग.

लोकरीचं, वाकळा म्हणजे गोधड्या, जाड चादरी मेमध्येच धुऊन, कडक उन्हात तापवून बांधून ठेवायच्या. मग त्या सोडायच्या नवरात्राच्या आधी. घटस्थापनेपूर्वी इथं घरोघरी सगळं घर धुऊन काढतात आणि तोवर उन्हं पडलेली असतात, त्या दिवसांत कपाट अख्खं रिकामं करून फळ्यासुद्धा उन्हात ठेवा.

थंडी आणि खरेदी

नागपूरची थंडी पाहिलेल्यानं इथं नवं काही घेऊ नये. एक स्वेटर, एक शाल, दुचाकीवर सकाळी लवकर जाणाऱ्यास पातळ जर्किन आणि कानटोपी. पन्हाळ्याला किंवा आंबोलीला सुट्टीत जाल तेव्हाही तेवढंच पुरतं.

येताना फक्त पहिल्या आठ दिवसांचे कपडे आणा, बाकी इथं. आधी पंचे आणि अंतर्वस्त्रं, मग रेनकोट, मग सँडल, आणि ऑफिसचे कपडे सगळ्यात शेवटी. कापड घेऊन शिंप्याकडं शिवून घ्यायचं असेल तर इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर आहे, यंत्रमागाचं गाव, कापडात पर्याय भरपूर. तयार कपडे घाऊक भावात हवे असतील तर शहराजवळचं गांधीनगर. रोजचं किरकोळ महाद्वार रोडला, आणि जरा नव्या फॅशनचं राजारामपुरीत.

जुना, टाकाऊ वाटणारा एक जोड मात्र गावाकडं सोडून येऊ नका. चैत्रात जोतिबाची यात्रा असते, भाद्रपदात गणपतीची मिरवणूक, मध्येच कुठलीतरी निवडणूक, आणि गुलाल कुणाला विचारून उधळत नाहीत. तो एकदा घामाच्या कपड्यात बसला की धुऊन निघत नाही. पांढरा असेल तर गुलाबी झाल्यावरच घरी येईल, म्हणून गडद रंगाचा ठेवा.